उन्हाळ्याचा बाळंतविडा सुताचा हवा



चैत्र लागला की शेतातली सुगी आटोपलेली असते आणि घरात दुसरीच गडबड सुरू होते. पापड-कुरडया, लग्नसराई आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी. अशा घरी आत्या, मावश्या, काकवा बाळंतविडा घेऊन जातात. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट आणि त्यांत हमखास एक विणलेला संच: स्वेटर, कानटोपडे, मोजे. वीण सुंदर असते, रंग गोड असतो. पण तो संच असतो लोकरीचा, आणि आजकाल बहुतेक वेळा लोकरीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या ॲक्रिलिकचा. बाळ जन्मते वैशाखात. मग पत्र्याच्या घरात, भर दुपारी, ते गाठोडे बाळाच्या अंगावर चढते.

आपल्या सातारा जिल्ह्यात एकाच महिन्यात दोन उन्हाळे असतात, हे आधी ध्यानात घेऊ. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे. मे महिन्यात तिथे दिवसा पारा तिशीच्या आसपास राहतो आणि रात्री अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते. त्याच दिवशी माण-खटावात, आणि तिकडे सांगली जिल्ह्यात आटपाडी-जतला, पारा चाळिशी गाठतो. महाबळेश्वरला शोभणारे कानटोपडे म्हसवडच्या बाळाला घातले, तर ती माया राहत नाही, तो त्रास होतो.

नवजात बाळाला मोठ्या माणसासारखा पुरेसा घाम येत नाही. शरीरातली उष्णता बाहेर टाकायला त्याचे मोठे साधन म्हणजे त्याचे डोके. शरीराच्या मानाने बाळाचे डोके मोठे असते. तेच आपण जाड टोपड्याने झाकले तर उष्णता जाणार कुठून? मग मानेवर, काखेत घामोळे उठते, बाळ किरकिरते. त्याहून वाईट म्हणजे ते सुस्त पडते, दूध ओढत नाही, अंग तापते. बाळाच्या मानेमागे आणि छातीवर हात ठेवून पाहा. तिथे गरम आणि ओलसर लागले तर आधी कपडे कमी करा. कपडे काढूनही अंग गरमच राहिले किंवा दूध घेईना, तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

याला एक अपवाद आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेले किंवा कमी वजनाचे बाळ असेल, तर त्याला ऊब राखणे अवघड जाते. त्याला टोपडे घालायला डॉक्टरांनी किंवा नर्सताईंनी सांगितले असेल, तर तेच ऐकायचे. चांगल्या वजनाच्या, निरोगी बाळाला मात्र भर उन्हाळ्यात आपल्याला सोसेल तेवढेच कपडे पुरेत.

"पण विणलेले काही नको का? घरच्या आजीची हौस असते," असे कुणी म्हणेल. हौस जरूर पुरवू. फक्त लोकर बाजूला ठेवू आणि सूत हाती घेऊ.

विणकाम म्हणजे लोकरच असे नाही

विणकाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोकरीचा गुंडा येतो. पण सुयांवर विणलेल्या ज्या जुन्या वस्तू जगात आज शिल्लक आहेत, त्यांत इजिप्त देशात सापडलेले निळ्या-पांढऱ्या नक्षीचे मोजे आहेत. सुमारे आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचे ते मोजे सुती आहेत. उष्ण देशातल्या माणसांनी उष्ण देशाचा धागा वापरला, इतकी ती साधी गोष्ट. आणि सुताच्या बाबतीत आपण कुणाच्या मागे नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननात सुती कापडाचे अवशेष मिळाले आहेत.

आपल्या गोठ्यात आणि स्वयंपाकघरातही वनस्पतीच्या धाग्याचे जाळीकाम पिढ्यान् पिढ्या होत आले. दह्यादुधाचे मडके मांजरापासून राखणारे शिंके, मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधायचे मुसके, ही अंबाडीच्या किंवा तागाच्या दोरीची जाळीच की! ज्या हातांना मुसके विणता येते, त्यांना क्रोशाची जाळी अवघड नाही.

कोणता धागा कशाला

*कापूस.* अंगावरच्या कपड्याला पहिला मान याचा. कापूस घाम शोषतो आणि हवेला वाट देतो. कोरड्या दिसणाऱ्या सुतातही हवेतले पाणी त्याच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास मुरलेले असते; ॲक्रिलिकमध्ये ते जेमतेम दीड-दोन टक्के असते. म्हणून ॲक्रिलिक अंगाला चिकटते आणि आत घाम साचतो. सुताचा दुसरा गुण म्हणजे ते ओले झाले की जास्त मजबूत होते. लोकर ओली झाली की नरम पडते. बाळाचे कपडे दिवसातून चारदा धुवायचे असतात, तिथे हा गुण लाखमोलाचा.

*अंबाडी आणि ताग.* हे धागे राठ. अंगाला लावायचे नाहीत. पिशवी, पायपुसणे, चुंबळ, शिंके यांना उत्तम. अंबाडीची भाजी सगळ्यांना ठाऊक, पण तिच्या सालीचा वाख हल्ली किती घरांत निघतो? फुलावर आलेले ताट कापून, पेंढ्या बांधून दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवतात. साल सुटली की ओढून, धुऊन, वाळवतात. हे पिण्याच्या किंवा जनावरांच्या पाण्यात मात्र करू नये. पाण्याला घाण सुटते.

*केळीचा धागा.* सोपटापासून निघतो, चमक असते, पण ताठ असतो. शोभेच्या वस्तूंना चांगला.

*जवसाचे कापड, म्हणजे लिनन.* थंड आणि टिकाऊ, पण महाग. आपल्याकडे जवस लावतात तो तेलासाठी. धाग्यासाठी लावायच्या जाती उंच, कमी फांद्यांच्या आणि वेगळ्या असतात. त्यामुळे हा धागा बहुधा बाहेरून येतो.

*बांबूचा धागा.* दुकानात या नावाने मऊ, चकाकणारे गुंडे मिळतात. धागा चांगला असतो, पण बांबूची काडी सोलून तो काढलेला नसतो. बांबूचा लगदा रसायनात विरघळवून पुन्हा धागा ओढतात. नावाला भुलून जास्त पैसे देऊ नका.

सूत ओळखावे कसे

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणतो, पण आपण घरी पाहावे. वीतभर धागा घ्या, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या भांड्यावर काडीने पेटवा. पोरांना जवळ येऊ देऊ नका. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ, राखाडी राख पडते. खरी लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख चुरडली जाते. पॉलिस्टर किंवा ॲक्रिलिक असेल तर धागा वितळतो, आक्रसतो आणि थंड झाल्यावर टणक मणी होतो. हा वितळणारा मणी चुलीजवळ बाळाच्या अंगावर काय करील, याचा विचार करा. चुलीजवळ वावरणाऱ्या आईलाही हेच लागू आहे.

सूत घ्यावे कसे: काउंटचा हिशेब

क्रोशाचे तयार गुंडे दुकानात मिळतात. त्यांवरचा नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. त्यांतले चकाकणारे गुंडे मर्सराइज्ड सुताचे. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८४४ साली कॉस्टिक सोड्यात सूत बुडवून पाहिले, तर ते फुगले आणि मजबूत झाले. पुढे १८९० साली होरेस लो याने सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली, तेव्हा चकाकी आली. रुमाल, तोरणे, पडदे यांना हा दोरा छान. बाळाच्या अंगाला मात्र साधे, बिनचकाकीचे सूत जास्त मऊ लागते.

आपल्या भागाची सोय अशी की मागांची गावे जवळ आहेत. सांगली जिल्ह्यात विटा आहे. शेजारी कोल्हापूर जिल्ह्यात इचलकरंजी आहे, जिथे विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. अशा गावांत सूत किलोवर आणि कोनावर मिळते. ते गुंड्याच्या मानाने स्वस्त पडते, पण बारीक असते. ते कसे वापरायचे, त्याचा हिशेब एकदा समजून घेतला की कुणी फसवणार नाही.

सुताची एक लडी ८४० वाराची. एका पौंडात जितक्या लड्या बसतात, तितका त्या सुताचा काउंट. २० काउंट म्हणजे पौंडात २० लड्या. दोन पदर पिळून केलेले असेल तर '२/२०' म्हणतात, आणि त्याच्या लड्या निम्म्या, म्हणजे १० भरतात. मेट्रिकमध्ये सांगायचे तर २/२० सूत एका ग्रॅममध्ये सुमारे १७ मीटर येते. आपल्याला बाळाच्या कपड्याला ग्रॅमला साडेतीन मीटरच्या आसपास धागा हवा. म्हणून २/२० चे ५ पदर एकत्र घ्यायचे. १७ भागिले ५, म्हणजे ३.४. झाला आपला धागा तयार.

घेताना दोन पदरी सूत मागा. ताण्याच्या सुताला खळ लावलेली असते, ते टाळा. आणि "मिक्स" आहे का ते काडी लावून पाहिल्याशिवाय किलोभर घेऊ नका.

विणण्याआधी सूत शिजवा

कोऱ्या सुतावर कापसाचे नैसर्गिक मेण असते. त्यामुळे ते पाणी पीत नाही, मग घाम तरी कसा पिणार? सुताची सैल लडी करा आणि चार ठिकाणी ढिल्या गाठी बांधा, म्हणजे गुंता होणार नाही. स्टीलच्या पातेल्यात लडी बुडेल इतके पाणी घ्या. दर लिटरला एक लहान चमचा धुण्याचा सोडा आणि थोडा साबणाचा चुरा घालून तासभर मंद उकळा. ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नका, सोडा ते खातो. मग स्वच्छ पाण्याने बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा आणि सावलीत वाळवा. वाळलेल्या सुतावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो लगेच मुरला तर सूत तयार. याच वेळी सूत आटायचे तेवढे आटते आणि विणलेला कपडा नंतर तोकडा होत नाही. रंगीत सूत असेल तर उकळू नका. कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या चिंधीला रंग लागतो का पाहा. लागत असेल तर ते बाळासाठी नको.

लोकरीची सवय सोडा

ज्यांचा हात लोकरीवर बसला आहे, त्यांना सूत सुरुवातीला रुसल्यासारखे वाटते. कारण लोकरीला स्वतःची कुरळी लवचीकता असते, ती ताणली तरी मागे येते. सूत मागे येत नाही. म्हणून पुढील गोष्टी पाळा.

उलट-सुलट टाक्यांची रबरासारखी पट्टी सुतात लवकर सैल पडते. तिच्याऐवजी सगळ्या ओळी सुलट टाक्यांनी विणलेली सपाट पट्टी घ्या.

सूत लोकरीपेक्षा जड असते. म्हणून जाड धागा आणि घट्ट वीण घेतली तर कपडा ओझ्याने खाली ओघळतो. बारीक धागा, सैल हात.

पाच पदरांतला एखादा सुईतून निसटतो. प्रत्येक टाक्यात सुई पाचही पदरांखालून गेली का, इकडे लक्ष असू द्या.

स्टीलच्या सुईवर सूत घसरते आणि घामेजल्या हातात ॲल्युमिनियमची सुई सुताला काळपट डाग लावते. बांबूच्या सुया उत्तम.

गाठ मधोमध मारू नका, ती बाळाला टोचते. नवा धागा कडेला जोडा, वीतभर टोक सोडा आणि शेवटी सुईने कडेच्या टाक्यांतून ओवून टाका.

मोठ्या भोकांची नक्षी तान्ह्याच्या कपड्याला नको. त्याची बोटे त्यात अडकतात. जाळीची हौस मोठ्यांच्या ओढणीवर भागवा.

तान्ह्याची सुती बंडी

ही बिनबाह्यांची बंडी पुढून उघडी आहे. सुताला ताण नसल्यामुळे डोक्यावरून घालायचा कपडा बाळाला अडचणीचा होतो. शिवाय बाळ पाठीवर निजते, म्हणून बंद पाठीमागे नकोत. जन्मापासून साधारण तीन महिन्यांपर्यंत होईल.

*साहित्य:* २/२० पांढरे सूत ५० ग्रॅम, १० नंबरच्या विणकामाच्या दोन सुया, ३ मिलिमीटरची क्रोशाची सुई, शिवायची जाड सुई. सूत एकाच कोनावर असेल तर १०-१० ग्रॅमचे पाच गुंडे करा, एका टोपल्यात ठेवा आणि पाचही टोके एकत्र घेऊन विणा.

*नमुना:* आधी ३० टाक्यांचा चौकोन विणून पाहा. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. शाळकरी मुलाची पट्टी ठेवून १० सेंटीमीटरमध्ये २४ टाके येतात का मोजा. जास्त आले तर ९ नंबरची सुई घ्या, कमी आले तर ११ नंबरची. हा चौकोन करण्याचा कंटाळा करू नका. तयार कपडा उसवण्यापेक्षा ही अर्ध्या तासाची मेहनत परवडली.

*पाठ:* ५६ टाके घाला. पहिल्या ६ ओळी सगळ्या सुलट. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे एकूण लांबी १५ सेंटीमीटर होईपर्यंत विणा. आता काखेसाठी पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला ४-४ टाके मिटवा. ४८ राहतील. लांबी २६ सेंटीमीटर झाली की सगळे टाके सैल हाताने मिटवा.

*पुढचा एक भाग:* ३२ टाके घाला. पहिल्या ६ ओळी सुलट. मग पाठीप्रमाणेच विणा, पण उघड्या कडेचे ४ टाके प्रत्येक ओळीत सुलटच घ्या, म्हणजे कड वळणार नाही. १५ सेंटीमीटर झाल्यावर काखेच्या बाजूने ओळ सुरू होईल तेव्हा ४ टाके मिटवा. २८ राहतील. २२ सेंटीमीटर झाल्यावर गळ्याच्या बाजूने ओळ सुरू होईल तेव्हा १४ टाके मिटवा. उरलेल्या १४ टाक्यांचा खांदा २६ सेंटीमीटरपर्यंत नेऊन मिटवा.

*दुसरा भाग:* तसाच, पण काख आणि गळा उलट बाजूंना.

*जोडणी:* पाठीच्या दोन्ही टोकांचे १४-१४ टाके खांद्यांना जोडा. मधले २० टाके गळ्याला राहतील. बाजू शिवा. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली तरी चालेल, बाळाला टोचणार नाही. काख आणि गळ्याच्या कडेने क्रोशाची एक फेरी मुक्या खांबांनी काढा. मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून धागा ओढायचा आणि सुईवरच्या दोन्ही फाशांतून एकदम काढायचा. पुढचे भाग एकमेकांवर सुमारे तीन सेंटीमीटर येतात. तिथे छातीशी एक आणि पोटाशी एक अशा बंदांच्या दोन जोड्या लावा. बंद साखळीचे करा आणि १२ सेंटीमीटरहून लांब ठेवू नका. गळ्याशी बंद अजिबात नको. बटण, मणी, गोंडे नकोत. ते तुटून तोंडात जातात.

टोपडे हवेच असेल तर याच सुताचे, एकेरी, बिनअस्तराचे करा. सकाळी अंगणात किंवा प्रवासात वारा असेल तेव्हा ते घाला आणि घरात आले की काढा. आजीला सांगा, "टोपडं तुम्हीच विणा, पण सुताचं विणा." तिचा मान राहील आणि बाळाला वारा लागेल.

मोसमात विकायची असेल तर

"महाबळेश्वरच्या बाजारात हाताने विणलेले खपेल का?" हा प्रश्न भागातल्या अनेक जणींच्या मनात असतो. एप्रिल-मेमध्ये तिथे पाहुण्यांची रीघ असते. टोप्या, चपला, काठ्या, जॅम, मध यांची दुकाने भरलेली असतात. खपेल, पण आधी हिशेब मांडा.

वरच्या बंडीत सुमारे नऊ हजार टाके आहेत. सराईत हात मिनिटाला वीस टाके घालतो, म्हणजे साडेसात तास नुसते विणण्याचे. जोडणी, कडा, बंद धरून नऊ-दहा तास. नवशिकीला दुप्पट. म्हणजे तुमच्या गावात बाईला खुरपणीची जी रोजंदारी मिळते, तिच्या सव्वापट अधिक सुताची किंमत, याहून कमी दराने बंडी विकली तर तुम्ही पदरचे घालून विकली. यंत्राच्या मालाशी या दरात सामना कठीण आहे. म्हणून बंडी आपल्या घराला आणि बाळंतविड्याला. विकायला झटपट होणारी वस्तू निवडा. उदाहरणार्थ जाळीची पिशवी.

२/२० चे १० पदर आणि ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई घ्या. सुमारे ६० ते ७० ग्रॅम सूत पुरेल. ६ साखळ्यांचे कडे जोडा. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८. मग ७ साखळ्या आणि तिसऱ्या खांबात एक मुका खांब, अशा १६ कमानी करा. पुढे प्रत्येक फेरीत ७ साखळ्या आणि आधीच्या कमानीच्या मध्यावर एक मुका खांब. अशा १५ फेऱ्या. शेवटी प्रत्येक कमानीत ३ मुके खांब घालून ४८ चे काठ करा आणि त्यावर आणखी दोन फेऱ्या. ८ टाके रुंद, ४० सेंटीमीटर लांब पट्टी विणून समोरासमोर जोडा. भाजी भरली की जाळी ओघळते, म्हणून आधी जरा आखूड वाटली तरी चिंता नको.

आता एक सावधगिरी. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या काठी नरसापूर नावाचे गाव आहे. तिथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची सुती लेस शिकवली आणि घरोघरच्या हजारो बायका ती करू लागल्या. माल परदेशी गेला. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथे राहून पाहणी केली आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यात दिसले ते असे: दिवसभर सुई चालवणाऱ्या बाईला "फावल्या वेळात करते" असे म्हणून अगदी क्षुल्लक मजुरी मिळे आणि नफा व्यापाऱ्यांकडे जाई. बाई घरातून बाहेर पडत नव्हती, शेजारणीला काय दर मिळतो हे तिला कळत नव्हते आणि बाजार तर तिने पाहिलेलाच नव्हता. त्याच नरसापूरच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कलेचे नाव झाले हे चांगलेच. पण नावाबरोबर दामही बाईच्या हाती पडावा, हा धडा आपण घ्यायचा.

म्हणून एकटीने सुरुवात करू नका. बचत गटातल्या पाच-सहा जणी मिळून सूत घ्या, म्हणजे किलोचा भाव मिळेल. "सूत आमच्याकडून उधार घ्या, माल आम्ही उचलू" असे सांगणाऱ्यापुढे लगेच मान डोलवू नका. दर आणि मुदत कागदावर घ्या. पहिल्या खेपेला दहाच पिशव्या करा. गटातल्या दोघींनी स्वतः वर जाऊन दुकानदाराशी बोलावे आणि गिऱ्हाईक काय उचलते ते डोळ्यांनी पाहावे. फावला वेळ हाही वेळच आहे. त्याचे मोल आपण धरले नाही, तर दुसरे कोण धरणार?

पावसाळ्याची काळजी

महाबळेश्वर-पाचगणी, कोयना, पाटणच्या बाजूच्या भगिनींसाठी एक शब्द. महाबळेश्वरला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या दमट हवेत सुताला बुरशी धरते आणि काळे ठिपके पडतात, ते मग जात नाहीत. लोकरीला कसर लागते, तशी ती सुताला सहसा लागत नाही. सुताचा शत्रू ओल. म्हणून मृगाआधी सगळे सूत आणि विणलेले कपडे कडक उन्हात दोन दिवस वाळवा. पूर्ण थंड झाल्यावर पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेवा. खळ किंवा कांजी लावून ठेवू नका, बुरशीला ती आयते खाणे होते. सुती विणकाम दोरीवर टांगून वाळवू नये, ओल्या वजनाने ते लांबते. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि बाजेवर किंवा चादरीवर सपाट पसरा.

लोकर वाईट, असे यातून कुणी समजू नये. आपल्या माणदेशाच्या मेंढ्या आणि त्यांच्या लोकरीची घोंगडी यांना तोड नाही, आणि पौषातल्या थंडीत बाळाला लोकरीचीच ऊब द्यावी. फक्त ऋतू पाहून धागा निवडावा. शेतात आपण ज्वारी रब्बीत पेरतो आणि बाजरी खरिपात. सुईच्या कामालाही तेच शहाणपण लावायचे.

यंदा कुणाच्या घरी वैशाखात पाळणा हलणार असेल, तर आजच ५० ग्रॅम सूत शिजवायला टाका. रोज तासभर बसलात तर पंधरा दिवसांत बंडी तयार होईल. पुढच्या खेपेला अंबाडीच्या वाखाचे पायपुसणे आणि जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या कापून त्यांचे आसन, या दोन वस्तू घेऊ. जुने लुगडे चिंध्यांत टाकले असेल तर काढून, धुऊन ठेवा.